लोकरी टोपीतला संत

ग्लासगोची हाय स्ट्रीट आज शहराचा मुख्य रस्ता राहिलेली नाही. दुकानांची झगमग आणि नाट्यगृहं केव्हाच पश्चिमेकडे सरकली. पण हे शहर वाढलं ते याच रस्त्याच्या अंगानं. वरच्या टोकाला टेकाडावर कॅथीड्रल, खालच्या टोकाला बाजाराचा चौक आणि मध्ये हा चढ. मध्ययुगातलं ग्लासगो जवळजवळ एवढंच होतं. १४५१ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, तेही पुढे याच रस्त्यावर नांदलं. आता या चढावर छोटी कॅफे आहेत, केस कापायची दुकानं आहेत, आणि रॉयल इन्फर्मरीकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका दिवसभर वर-खाली करत असतात. अशा या काहीशा विसरल्या गेलेल्या रस्त्यावर एका दगडी इमारतीची बिनखिडक्यांची बाजू पायापासून छपरापर्यंत रंगवलेली आहे. स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा किल्ले आणि सरोवरांच्या यादीत मी ही भिंत सगळ्यात वर लिहिली होती.

चित्रात एक मध्यमवयीन माणूस आहे. दाढी वाढलेली, डोक्यावर विणलेली लोकरी टोपी, अंगात थंडीचे जाडजूड कपडे. त्याच्या बोटावर रॉबिन पक्षी बसला आहे. चिमणीएवढा जीव, छाती तांबूस-नारिंगी. माणसाचं सगळं लक्ष त्या पक्ष्यात आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या आपल्याकडे तो पाहत नाही. आणि त्याच्या डोक्यामागे उजेडाचं एक वर्तुळ आहे. ते इतक्या हलक्या हातानं रंगवलंय की आधी वाटतं मागून सूर्य उगवतोय. मग लक्षात येतं की ही प्रभावळ आहे. हा संत मंगो. ग्लासगोचा पालक संत. सहाव्या शतकातला.

माझी भाची इथल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात शिकते. तिची इमारत या भिंतीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. “मावशी, पहिले कितीतरी महिने मला हा कोणी कामगार वाटायचा गं,” ती म्हणाली. “थंडीत बसस्टॉपवर असेच तर दिसतात इथले काका. संत आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.” मला वाटतं, चित्रकाराला हेच हवं असणार. स्मग या नावानं काम करणारा सॅम बेट्स हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण अनेक वर्षं ग्लासगोतच स्थायिक झालेला. हे चित्र त्यानं २०१६ मध्ये काढलं. तो फक्त स्प्रेच्या डब्यांनी रंगवतो. ब्रश नाही, रोलरनं भरलेले सपाट रंग नाहीत. तरी त्या टोपीच्या विणीतला टाका न् टाका मोजता येईल, दाढीतला पांढरा केस वेगळा दिसेल, इतकं ते बारीक काम आहे. जवळ गेलं की मात्र सगळं फुटतं. धुक्यासारखे रंगाचे फवारे तेवढे उरतात. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. कोणत्या अंतरावर फवाऱ्याचा केस होतो, ते मला पाहायचं होतं.

पक्ष्याची गोष्ट अशी. मंगो लहानपणी संत सर्फ यांच्या मठात वाढला. फोर्थच्या खाडीकाठी कूरस नावाचं गाव आहे, तिथे हा मठ होता असं मानतात. सर्फनी एक रॉबिन पाळला होता. तो त्यांच्या हातचं खायचा, खांद्यावर बसायचा. मठातल्या मुलांनी एके दिवशी खेळता-खेळता त्याला ओढाताण करून मारलं. भ्यायले, आणि सगळा आळ मंगोवर ढकलला, कारण गुरूंचा तो लाडका. मंगोनं तो मेलेला पक्षी हातात घेतला, प्रार्थना केली, आणि पक्षी उठून उडाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस फर्नेसच्या जोसेलिन नावाच्या मठवासीयानं मंगोचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं, त्यात ही कथा आहे. म्हणजे संत गेल्यानंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिलेली. त्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती हे अभ्यासकांनी ठरवावं. मला त्यातली एक गोष्ट खरी वाटते: हा चमत्कार घडतो तेव्हा संताकडे काहीच नसतं. तो मठाच्या आश्रयानं वाढणारा मुलगा आहे, खोट्या आरोपात सापडला आहे, आणि त्याच्या ओंजळीत आहे तो एक मेलेला पक्षी. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकलेत. त्यामुळे मुक्या जिवापाशी संताची ओळख पटते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

ग्लासगोच्या मानचिन्हात मंगोच्या चार कथा आहेत: पक्षी, झाड, घंटा आणि मासा. इथल्या शाळकरी मुलांना या चौघांवरच्या चार ओळी पाठ असतात. झाडाची कथा अशी की मठातला अग्नी रात्रभर जागता ठेवायचं काम मंगोकडे होतं. तो झोपला असताना पोरांनी मुद्दाम तो विझवला, आणि त्यानं हेझलची गोठलेली फांदी आणून प्रार्थनेनं पेटवली. घंटा त्यानं रोमहून आणली असं सांगतात. ती मूळ घंटा हरवली, मग नगरपालांनी १६४१ मध्ये दुसरी घडवून घेतली. मासा सर्वांत गुंतागुंतीचा. राणीनं नवऱ्यानं दिलेली अंगठी दुसऱ्याच एका तरुणाला दिली. राजानं ती झोपलेल्या त्या तरुणाच्या बोटातून काढून क्लाइड नदीत भिरकावली आणि राणीला विचारलं, अंगठी कुठे आहे ती दाखव, नाहीतर मृत्युदंड. राणीनं मंगोकडे माणूस पाठवला. मंगोनं आपल्या शिष्याला नदीवर गळ टाकायला सांगितलं. पहिल्याच सामन माशाच्या पोटात अंगठी निघाली.

या कथेत संत त्या बाईला जाब विचारत नाही, उपदेश करत नाही. तिचा जीव वाचवतो. ज्या नगरानं ही गोष्ट आपल्या मानचिन्हावर कोरली, त्या नगराबद्दल मला आपुलकी वाटू लागली ती इथे. कॅथीड्रलच्या चौकातले दिव्याचे खांब बघा. त्यांवरही हा पक्षी, हे झाड, ती घंटा, तो मासा घडवलेला आहे. लोक त्यांच्याखाली उभे राहून फोनवर बोलत असतात.

पण मुळात ही भिंत रिकामी कशी राहिली? ग्लासगोत फिरताना मला सारखा हा प्रश्न पडत होता, कारण शहरभर अशा उघड्या, बिनखिडक्यांच्या बाजू दिसतात. उत्तर शहराच्या जडणघडणीत आहे. टेनेमेंट म्हणजे चार मजली दगडी चाळवजा इमारती, एकीला एक चिकटून ओळीनं बांधलेल्या. शेजारची इमारत असतेच, म्हणून बाजूच्या भिंतीला खिडक्या ठेवायचं कारण नव्हतं. मग एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. विद्यापीठानं हाय स्ट्रीटवरची आपली जुनी जागा रेल्वेला विकली आणि १८७० मध्ये ते पश्चिमेला गिल्मोरहिलवर गेलं. जिथे शतकानुशतकं वर्ग भरले तिथे मालधक्का झाला. उत्तरेला स्प्रिंगबर्नमध्ये इंजिनांचे कारखाने धडधडू लागले. तिथली इंजिनं गोदीतून जहाजावर चढून हिंदुस्थानातही आली, आपल्या आजोबा-पणजोबांच्या गाड्या त्यांनी ओढल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाटीच्या वस्त्या पाडल्या गेल्या, मोटरवे काढले गेले, लोकांना शहराच्या कडेच्या उंच मनोऱ्यांत हलवलं. ओळीतली एक इमारत गेली की शेजारणीची बाजू उघडी पडायची. या भिंती म्हणजे गेलेल्या शेजाऱ्यांच्या खुणा आहेत. २००८ पासून महापालिकेच्या पाठबळानं शहराच्या मध्यभागी भित्तिचित्रांची एक साखळीच तयार झाली. कुठे फुगे धरून तरंगणारी टॅक्सी, कुठे झाडीतून डोकावणारे कोल्हे-खारी, कुठे बिली कॉनोली हा इथला लाडका विनोदवीर. त्यातली बरीच चित्रं मजेची आहेत. मंगोची भिंत वेगळी आहे. तिथे गेलेल्या शेजाऱ्यांच्या जागी, चौदाशे वर्षांपूर्वीचा एक रहिवासी येऊन उभा राहिलाय.

चढ संपतो तिथे उजव्या हाताला कॅथीड्रल. काळपट दगड, मधोमध मनोरा, हिरवट पत्र्याचं छप्पर. मंगोनं मोलेंडिनार या ओढ्याकाठी आपली कुटी उभारली असं परंपरा मानते, आणि त्याच्या समाधीवर ही वास्तू उभी आहे. पहिलं दगडी चर्च ११३६ मध्ये राजा पहिला डेव्हिड याच्या उपस्थितीत पवित्र करण्यात आलं. आज दिसतं ते मुख्यतः तेराव्या शतकापासून पुढचं. तो ओढा आता बहुतेक जमिनीखालून जातो. तो ज्या दरीतून वाहायचा तिथे आज रस्ता आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती उंची, आणि लगेच दुसरी गोष्ट: रितेपण. युरोपातली इतर कॅथीड्रल पाहून आलेल्या माणसाला इथे काहीतरी नाहीसं झाल्याचं जाणवतं. कोनाडे आहेत, त्यांत मूर्ती नाहीत. १५६० मध्ये स्कॉटलंडनं पोपचं वर्चस्व झुगारलं आणि धर्मसुधारणेच्या लाटेत मूर्ती, चित्रं, वेदी, संतांचे अवशेष हे सगळं मूर्तिपूजा ठरवून हटवलं गेलं. ग्लासगोचा आर्चबिशप जेम्स बीटन चर्चची कागदपत्रं आणि मौल्यवान वस्तू घेऊन पॅरिसला निघून गेला. देशभर कॅथीड्रल मोडकळीला आली, छपरं गेली, दगड घरांना वापरले गेले. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर छपरासकट जवळजवळ पूर्ण टिकलेलं मध्ययुगीन कॅथीड्रल हे एकच. शहरातल्या कारागिरांनी, सुतार-लोहार-विणकरांनी हत्यारं घेऊन पहारा दिला आणि ते पाडू दिलं नाही, अशी इथली परंपरा सांगते. सांगताना आजही लोकांच्या आवाजात अभिमान असतो.

तर वास्तू वाचली, पण संताचं रूप त्यातून गेलं. पुढे व्हिक्टोरियन काळात तो थोडाथोडा परत आला. रंगीत काचांत आला, शहराच्या इमारतींवर आला. केल्विनग्रोव्ह कलासंग्रहालयाच्या दाराशी जॉर्ज फ्रॅम्प्टननं केलेला त्याचा ब्राँझचा पुतळा मी पाहिला. कलांचा आणि संगीताचा रक्षक म्हणून तो तिथे बसवला आहे. सुंदर काम आहे. पण त्या मंगोपाशी आपण थांबतो, वर बघतो, आणि पुढे जातो. तो बिशप आहे, अधिकारी आहे, शहराच्या वैभवाचा मानकरी आहे. तेव्हाचं ग्लासगो साम्राज्यातलं दुसरं शहर म्हणवून घेत होतं आणि त्याला तसाच संत शोभत होता. स्मगचा मंगो या पायरीवरून खाली उतरलेला आहे. त्याच्याजवळ बिशपचा दंड नाही, झगा नाही. त्याच्या संतपणाची खूण म्हणून फक्त दोन गोष्टी ठेवल्या आहेत, डोक्यामागचा उजेड आणि बोटावरचा पक्षी. ज्या शहरानं संतांची चित्रं देवळातून बाहेर काढली, त्या शहरात संत मोठ्या आकारात परतला तो देवळाच्या बाहेर, भाड्याच्या घरांच्या भिंतीवर, ऊन-पावसात. मला या चित्राचं सगळं मोल इथे दिसतं. त्याला तिकीट नाही, त्याच्यापुढे गुडघे टेकायची अपेक्षा नाही, आणि ज्याला टेकायचे आहेत त्याला कुणी अडवतही नाही.

कॅथीड्रलच्या पूर्व भागात पायऱ्या उतरून खालच्या चर्चमध्ये जाता येतं. वरच्या उंचीनंतर इथे दगडी खांबांचं जवळजवळ रान आहे, ठेंगणं आणि दाट. त्यांच्या मधोमध चार खांबांत मंगोची समाधी. तीवर भरतकाम केलेलं वस्त्र घातलेलं असतं. १३ जानेवारी हा त्याचा दिवस, आणि त्या सुमारास शहरात त्याच्या नावानं कार्यक्रम होतात. मी गेले तेव्हा तिथे एक वयस्क जोडपं होतं. बाई हात जोडून उभ्या होत्या, गृहस्थ टोपी हातात घेऊन. बाहेर पडताना त्यांच्याशी बोलणं झालं. भारतातून आले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, भिंतीवरचा पाहिलात का? मी हो म्हटलं. तो आपल्याला जास्त आवडतो, असं गृहस्थ म्हणाले. खालच्या समाधीत तो मेलेला आहे, वर रस्त्यात तो कामावर आहे. बाईंना ते पटलं नसावं, त्यांनी नवऱ्याच्या दंडाला हलकेच चापट मारली.

कॅथीड्रलच्या मागे पूल ओलांडला की नेक्रोपोलिस, टेकडीभर पसरलेली व्हिक्टोरियन दफनभूमी. सुमारे ५०,००० माणसं इथे विसावली आहेत. पहिलं दफन १८३२ मध्ये झालं ते एका ज्यू गृहस्थाचं, कारण टेकडीचा एक कोपरा ज्यू समाजाला दिलेला होता. पण दफनभूमीच्या आधीपासून, १८२५ पासून, टेकडीच्या माथ्यावर उंच खांबावर एक पुतळा उभा आहे: जॉन नॉक्स, स्कॉटलंडच्या धर्मसुधारणेचा नेता. वरून सगळं दिसतं. कॅथीड्रल, त्याला लागून रॉयल इन्फर्मरी, जिथे १८६५ मध्ये जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड वापरून जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात केली, आणि पलीकडे उतारावर टेनेमेंटांची छपरं. या एवढ्याशा जागेत संत, सुधारक, शल्यचिकित्सक सगळे दाटीनं राहतात. वारा मात्र असा की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भाची माझ्या आडोशाला उभी.

कॅथीड्रलसमोरच्या चौकात संत मंगो धार्मिक जीवन आणि कला संग्रहालय आहे. १९९३ मध्ये ते उघडलं. जगातल्या सगळ्या प्रमुख धर्मांना एका छपराखाली मांडायचं असा त्यामागचा विचार. आवारात जपानी झेन बाग आहे, आत इस्लामी सुलेखन आहे, मेक्सिकोच्या मृतांच्या दिवसाचा सांगाडा आहे. साल्वादोर दालीचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं प्रसिद्ध चित्र काही वर्षं इथेच होतं. २००६ मध्ये ते केल्विनग्रोव्हला परत गेलं. आणि इथे आपला नटराज आहे, ब्राँझचा, ज्वाळांच्या कड्यात. संग्रहालय उघडल्यावर लवकरच एका कट्टर ख्रिस्ती माणसानं तो मूर्तिपूजेवरच्या संतापात ढकलून पाडला होता. मूर्तीला इजा झाली. संग्रहालयानं ती दुरुस्त केली आणि पुन्हा मांडली. मी त्या नटराजासमोर उभी राहिले तेव्हा १५६० आणि १९९३ यांत फार अंतर वाटेना. मूर्ती पाडणारा हात या शहराच्या ओळखीचा आहे. ती उचलून जागेवर ठेवणारा हातही या शहराचाच आहे, आणि मला तो अधिक ओळखीचा वाटला.

हे शहर धर्मावरून दुभंगलेलं आहे, हे इथे कुणी लपवत नाही. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या दुष्काळानं हाकललेली कॅथलिक माणसं हजारोंनी क्लाइडकाठी आली. प्रोटेस्टंट शहरानं त्यांना कामं दिली आणि तिरस्कारही दिला. शहराच्या पूर्वेच्या गरीब कॅथलिक वस्तीतल्या मुलांच्या पोटाला अन्न मिळावं म्हणून वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूनं १८८७ मध्ये सेल्टिक हा फुटबॉल क्लब स्थापण्यात पुढाकार घेतला. नदीपलीकडे रेंजर्स होताच, आणि तो पुढे प्रोटेस्टंटांचा मानला जाऊ लागला. सेल्टिकचा हिरवा आणि रेंजर्सचा निळा. अजूनही या दोन रंगांवरून कुणी कोणत्या शाळेत गेला, कुठे राहतो, याचे अंदाज बांधले जातात. “सामन्याच्या दिवशी आम्ही हिरवा किंवा निळा स्कार्फ घालून बाहेर पडत नाही,” भाचीनं सांगितलं. इथे आल्या-आल्या वरच्या वर्गातल्या मुलींनी तिला दिलेला हा पहिला सल्ला.

मंगो या भांडणाच्या हजार वर्षं आधीचा. त्याच्या काळी कॅथलिक-प्रोटेस्टंट हा भेदच जन्मायचा होता. त्यामुळे त्याच्यावर एकाच बाजूचा हक्क सांगता येत नाही. त्याची समाधी प्रोटेस्टंटांच्या वापरातल्या वास्तूत आहे, कॅथलिक त्याला संत म्हणून पूजतात, आणि रस्त्यावरच्या भिंतीखालून दोघंही जातात. मशिदीतून आणि गुरुद्वाऱ्यातून येणारेही जातात. त्यांची मुलंही शाळेत पक्षी-झाड-घंटा-माशाच्या त्याच ओळी शिकतात. एखाद्या शहरात असं एक नाव असणं, ज्याच्यावरून भांडता येत नाही, ही फार मोठी ठेव आहे. चित्रकारानं ते नाव भिंतीवर आणलं, आणि त्याला कोणत्याही बाजूचा रंग चढू दिला नाही.

आता याच रस्त्यावरच्या आणखी एका भिंतीबद्दल. मला विचाराल तर तीच अधिक श्रेष्ठ.

जॉर्ज स्ट्रीट हाय स्ट्रीटला मिळते तिथे, मंगोच्या भिंतीपासून उतारावर थोडं खाली, २०१८ मध्ये स्मगनं आणखी एक चित्र केलं. त्यात एक तरुण आई बाळाला छातीशी धरून पाजते आहे. आजच्या काळातली कोणतीही आई. पण तिच्याही डोक्यामागे उजेड आहे. ही मंगोची आई, जिला ग्लासगो संत ईनॉक म्हणून ओळखतं. तिचं मूळ नाव टेन्यू. लोथियनच्या राजाची मुलगी. दंतकथा सांगते की तिच्यावर जबरदस्ती झाली, ती गर्भवती राहिली, आणि बापानं तिलाच दोषी ठरवून ट्रॅप्रेन लॉ या टेकडीच्या कड्यावरून खाली लोटायची शिक्षा दिली. ती वाचली. मग तिला वल्ही नसलेल्या कातडी होडीत बसवून खाडीत सोडून दिलं. लाटांनी होडी कूरसच्या किनाऱ्याला लावली. कुणा गुराख्यांनी मागे ठेवलेल्या शेकोटीपाशी तिनं मुलाला जन्म दिला, आणि सर्फनी मायलेकरांना जवळ केलं.

या बाईच्या कथेत एकही चमत्कार तिनं केलेला नाही. तिनं केलं ते इतकंच की ती मेली नाही, आणि तिनं मूल जगवलं. शहराच्या मानचिन्हावर तिच्यासाठी जागा नाही. तिच्या नावाचं चर्च होतं, ते १९२६ मध्ये पाडलं गेलं. तिच्या नावाचं रेल्वे स्टेशन होतं, तेही गेलं. आज तिच्या नावाचा एक चौक आहे, काचेच्या छपराचा एक मॉल आहे आणि भुयारी रेल्वेचं एक स्थानक आहे. रोज लाखभर ओठांवर तिचं नाव येतं ते उतरायचं ठिकाण म्हणून. भाचीच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना ईनॉक हा कुणी दाढीवाला पुरुष संत वाटत होता. स्मगनं तिला चेहरा दिला, आणि तो देताना तिला जमिनीकडे नजर लावून बसलेली अपराधी राजकन्या केलं नाही. ती शांतपणे मुलाकडे बघते आहे. भर रस्त्यात, चार मजली उंचीवर, उघडपणे अंगावर पाजणारी आई! धर्मसुधारणेनंतरच्या ग्लासगोत मातेच्या मूर्तीला जागा नव्हती. आता शहरात शिरणाऱ्या वाहनांना ती सिग्नलवरून दिसते.

भिंतीसमोर आम्ही उभ्या होतो तेव्हा बाबागाडी ढकलत एक तरुण मुलगी आली आणि सिग्नलला थांबली. तिनं चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही, रोजचं असणार. बाळ मात्र मान मागे टाकून वर बघत होतं. भाचीनं मला विचारलं, “मावशी, आधी आईचं चित्र काढायला नको होतं का? मुलगा दोन वर्षं आधी आला.” मी म्हटलं, जगभर असंच होतं, आधी मुलगा प्रसिद्ध होतो आणि मग त्याची आई कोण ते विचारतात. तिला हे उत्तर आवडलं नाही. मलाही ते आवडत नाही.

म्हणून ग्लासगोला गेलात तर क्रम बदला. क्वीन स्ट्रीट स्टेशनला उतरा, जॉर्ज चौक ओलांडून जॉर्ज स्ट्रीटनं सरळ पूर्वेला चालत या. रस्ता संपेल तिथे आधी टेन्यूपाशी थांबा. तिची गोष्ट सोबतच्या लहान मुलांना सांगायला कठीण आहे, तरी सांगा, होडीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. मग डावीकडे वळून हाय स्ट्रीटचा चढ चढा. मुलगा तिथेच आहे, पक्षी बोटावर घेऊन. दुपारनंतर जाऊ नका, हिवाळ्यात तिथे चारलाच अंधारून येतं.